उत्सवाचे यजमान कोण?

स्पेनच्या व्हॅलेन्सिया प्रांतातील बुन्योल हे सुमारे 9,000 वस्तीचे गाव. ऑगस्टच्या अखेरच्या बुधवारी तेथे लोक एकमेकांवर टोमॅटो फेकतात. ‘अन्नाची ही नासाडी!’ म्हणून आमच्यातील पुष्कळ सज्जन नाक मुरडतील. नासाडी आम्हांसही रुचत नाही. परंतु एवढ्यावरच निकाल देऊ नये.

1945 साली पोरांच्या भांडणातून उपजलेल्या या खेळावर पुढे सरकारी बंदी आली. तेव्हा 1957 साली गावकऱ्यांनी शवपेटीत टोमॅटो ठेवून शोकवाद्यांच्या सुरांत त्याची अंत्ययात्रा काढली. बंदी उठली! राजाज्ञेला जे साधले नाही, ते गर्दीने जवळजवळ साधले. पाहुणे 40,000 वर गेले आणि 2013 पासून नगरपालिकेला सुमारे 20,000 ची मर्यादा व प्रवेशशुल्क लावावे लागले. ही मर्यादा आम्हांस न्याय्यच वाटते. तिकिटाने पाहुण्याला प्रवेश मिळावा. यजमानपद मात्र गावाकडेच राहिले पाहिजे.

रूढीचे बळ तिच्या वयात शोधू नये; तिला वाहणाऱ्या खांद्यांत शोधावे. जत्रेची गर्दी मोजून फुशारणाऱ्या आमच्या देवस्थान समित्यांनी एकदा पालखीला खांदा देणारे किती उरले, तेही मोजावे.