हरणाच्या आजारावर सरकारनं पैसा का घालावा?

जळकोट (ता. तुळजापूर) : हरीण म्हटलं की शेतकऱ्याला आधी आठवतं ते खाल्लेलं पीक. मग त्याच्या आजारावरच्या संशोधनाला सरकारी पैसा कशाला, असा सवाल कुणीही करेल. सवाल रास्त आहे, पण हिशेब गोठ्यापासून मांडून बघा.

लाळ-खुरकूत हा रोग खूर दुभंगलेल्या जनावरांना होतो. त्यात गाय, म्हैस, शेळी आली, तसं आपण हरीण म्हणतो ते काळवीटही आलं. माळ एकच, पाणवठाही एकच. रोग रानातून गोठ्यात येऊ शकतो, तसा गोठ्यातून रानातही जातो.

केंद्रानं २०१९ मध्ये लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी १३,३४३ कोटींचा कार्यक्रम आणला. २०३० पर्यंत लाळ-खुरकूत संपवायचं उद्दिष्ट आहे. गोठ्यात लस पोहोचते, पण माळावरच्या कळपाला टोचणार कोण? तिथं मेलेल्या जनावराची तपासणी हाच खरा मार्ग.

नागपूरला गोरेवाडा इथं वन्यजीव संशोधन केंद्र आहे. गुजरातेत जुनागडला राष्ट्रीय केंद्राची पायाभरणी मार्च २०२५ मध्ये झाली. दोन्ही आपल्यापासून लांब. नमुना वेळेत घेतला नाही तर हरीण कुजतं अन् कारणही त्याच्याबरोबर जातं. म्हणून पैसा मोठ्या इमारतींपुरता न राहता तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत नमुना घेण्याची सोय म्हणून यायला हवा. तो खर्च हरणाचा नाही, आपल्या दावणीचा आहे.

तोवर एवढं करा : मेलेलं हरीण दिसलं तर हात लावू नका, जनावरं तिकडं सोडू नका. वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.