जेवणाच्या टेबलाखालचा गालिचा

गेल्या महिन्यात बहात्तर वर्षांच्या एक आजी खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब तपासून घेण्यासाठी आल्या होत्या. जेवून उठताना टेबलाखालच्या नव्या गालिच्याच्या गोंड्यांत पाऊल अडकले, एवढेच निमित्त झाले होते. ‘‘फोटोत फार सुरेख दिसत होता हो, डॉक्टर,’’ सून पुन्हा पुन्हा सांगत होती. दोष तिचा नव्हता. ऑनलाइन खरेदीत रंग आणि नक्षी आधी दिसतात. पायाला आणि श्वासाला जे जाणवते, ते वर्णनाच्या बारीक अक्षरांत दडलेले असते. ते कसे वाचावे, हे आज पाहू.

पहिली गोष्ट मापाची. खुर्ची मागे सरकवली तरी तिचे चारही पाय गालिच्यावरच राहिले पाहिजेत. अन्यथा पाय कडेला अडकून खुर्ची कलंडते. त्यासाठी टेबलाच्या चारही बाजूंनी किमान दोन फूट अधिक जागा धरावी. टेबल चार बाय तीन फुटांचे असेल, तर गालिचा आठ बाय सात फुटांचा हवा.

दुसरी गोष्ट विणीची. लांब, मऊ तंतूंच्या गालिच्यात अन्नकण रुततात आणि मुंग्या-झुरळांची सोय होते. धुळीतील सूक्ष्म किडे आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि पावसाळी दमटपणात वाढतात. दमा किंवा ॲलर्जीची सर्दी असणाऱ्यांना त्यांचा त्रास होतो. म्हणून सतरंजीसारखी सपाट, घट्ट वीण निवडावी. गोंडे नकोतच.

तिसरी गोष्ट धाग्याची. ताग दिसतो देखणा, पण पाणी शोषतो, उशिरा वाळतो आणि त्याला बुरशी धरते. सुती धागा पायाला सुखद वाटतो. मात्र वरणाची हळद तो सहज पकडतो. साबण लागताच तो डाग लाल होतो. घाबरू नये, धुऊन उन्हात वाळवल्यास तो हळूहळू फिका पडतो. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे लवकर वाळते. तेलाचा डाग मात्र धरते, तो लगेच साबणाच्या पाण्याने पुसावा.

चौथी गोष्ट वजनाची, आणि हीच बहुधा विसरली जाते. वर्णनात ‘जीएसएम’ म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन दिलेले असते. आठ बाय सात फूट म्हणजे सुमारे ५.२ चौरस मीटर. जीएसएम १५०० असेल, तर कोरड्या गालिच्याचेच वजन पावणेआठ किलोंच्या आसपास भरते; भिजल्यावर तो एकट्याने उचलवत नाही. जो उचलवत नाही तो धुतला जात नाही. तेव्हा ‘धुण्यायोग्य’ या शब्दावर न थांबता, आपल्या घरी तो कोण धुणार आणि कुठे वाळत घालणार, हे आधी ठरवावे.

पाचवी गोष्ट निसरडेपणाची. खाली रबरी जाळीची बैठक अंथरावी. ती गालिच्यापेक्षा चारही बाजूंनी इंचभर लहान असावी. कडेचा रंग फरशीहून वेगळा असावा, म्हणजे मोतीबिंदू असणाऱ्यांनाही कड दिसते.

गालिचा घरी आल्यावर ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा चोळून पाहावा. रंग उतरला किंवा कोपरे दुमडलेलेच राहिले, तर मुदतीत परत करावा. म्हणूनच परतीची अट मागणी नोंदवण्यापूर्वीच वाचावी. नव्या रबराचा वास येत असल्यास एक-दोन दिवस गॅलरीत पसरून ठेवावा.

निघताना त्या सूनबाईंनी विचारले, ‘‘मग आता कोणता घेऊ?’’ मी म्हणालो, ‘‘आजी वॉकर धरून चालताहेत तोवर कोणताच नको. पुसलेली, कोरडी फरशीच बरी.’’ आजी प्रथमच हसल्या. ज्या घरात काठी, वॉकर किंवा दम्याचा पंप आहे, त्या घरांना माझा सल्ला हाच आहे.