विषकन्येलाही बोलू द्या!


लेस्टरला शनिवारी आम्ही चार घरं जमून 'मुद्राराक्षस' खेळतो. पाटलिपुत्राचा दरबार, प्रत्येकाला एक पात्र, संवाद जागेवरच रचायचे. पुरुषांना चाणक्य, राक्षस, मलयकेतू. बायकांना? विशाखदत्ताच्या सात अंकांत दारावरच्या प्रतिहारी सोडल्या तर चंदनदासाची बायको, तीही शेवटच्या अंकात. राक्षसाने चंद्रगुप्तासाठी पाठवलेली विषकन्या चाणक्य पर्वतकाकडे वळवतो, पर्वतक मरतो, पण ती रंगमंचावर येतच नाही. मी तीच मागितली, तर "मूळ नाटकात नाही" म्हणे! अहो, मूळ नाटकात सोफ्यावर बसून समोसे खाणारा चाणक्य तरी कुठे आहे? आपल्याला ऐनवेळी दुसऱ्याकडेच पाठवलंय, हे तिला कळलं होतं का? मला तिच्या तोंडून ते बोलायचंय. गेल्या शनिवारी मी चहाच केला. या वेळी करणार नाही.