छापील शब्दाचे प्रामाण्य

‘बाबा वाक्यं प्रमाणम्’ ही वृत्ती आपण सहसा पुराणमतवाद्यांच्या माथी मारतो. पण ‘शोधनिबंधात छापून आले आहे’ असे कोणी म्हणताच आपणही त्याच रांगेत जाऊन उभे राहतो. कादंबरीतला निवेदक कितपत विश्वासार्ह आहे, त्याने काय सांगितले आणि काय गाळले, हे विचारायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. वैद्यकीय निबंधापुढे मात्र आपली ही चिकित्सा गळून पडते. या भाबडेपणाची किंमत कोण मोजतो, हे मेंदूतील गाठींवरच्या किरणोपचारांचा इतिहास पाहिला म्हणजे कळते.

किरणोपचार निरुपयोगी आहेत, असे आमचे म्हणणे नाही. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर केवळ आधारोपचार मिळालेल्या घातक ग्लायोमाच्या रुग्णांपैकी निम्मे १४ आठवड्यांत दगावले होते. किरणोपचार मिळालेल्यांत हीच मुदत सुमारे ३६ आठवड्यांची होती. पुरावा असावा तर असा. आमचा आक्षेप पुराव्याचा केवळ वेष घेऊन येणाऱ्या मजकुरावर आहे.

पुढे गाठीतच किरणोत्सर्गी आयोडीनच्या बिया रोवण्याची पद्धत आली. एकेका रुग्णालयातून आशादायक निबंध छापून येऊ लागले. पण या उपचारासाठी निवडले जाणारे रुग्ण कोण होते? ज्यांची गाठ लहान आणि सोयीच्या जागी होती, जे हिंडतेफिरते होते, ते. असे रुग्ण एरवीही इतरांहून अधिक जगतात. यशाचे श्रेय निवडीचे होते. निबंधांनी ते उपचाराला दिले. टोरांटोमध्ये १४० रुग्णांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दोन गटांत वाटणी करण्यात आली. १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : १३.८ महिने विरुद्ध १३.२ महिने. हा फरक योगायोगाहून वेगळा म्हणता येण्याजोगा नव्हता. ग्लायोब्लास्टोमावर नेहमीच्या किरणोपचारांच्या जोडीला रेडिओसर्जरी देण्याची गतही तीच झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या २०३ रुग्णांच्या चाचणीत रेडिओसर्जरीसह १३.५ आणि तिच्याविना १३.६ महिने असे आकडे आले.

याहून अस्वस्थ करणारे उदाहरण फुफ्फुसाच्या कर्करोगाचे आहे. तो मेंदूत पसरल्यावर संपूर्ण मेंदूला किरण देण्याची प्रथा १९५०च्या दशकापासून रूढ होती. केवळ स्टेरॉइड देऊन तुलना करणारी १९७१ची ४८ रुग्णांची लहानशी चाचणी सोडली, तर तिच्या पाठीशी फारसे काही नव्हते. अखेर ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात, शस्त्रक्रिया वा रेडिओसर्जरी शक्य नसलेल्या ५३८ रुग्णांवर ‘क्वार्ट्झ’ चाचणी झाली. २०१६ साली तिचा निष्कर्ष आला : किरणांसह ९.२ आठवडे, किरणांविना ८.५. जीवनमानातही म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. प्रथा रूढ झाल्यापासून हे उत्तर मिळेपर्यंत साठेक वर्षे लोटली होती.

‘अशा चाचण्या अवघड असतात, रुग्ण मिळत नाहीत’ ही सबब आम्हांला मान्य नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २००१ ते २०१२ या काळात सौम्य व मंद वाढीच्या गाठी असलेल्या २०० मुलांना व तरुणांना दोन गटांत वाटून, गाठीपुरते नेमके किरण आणि जुनी पद्धत यांची तुलना केली. पाच वर्षांत बुद्ध्यांकाचे आणि संप्रेरकांचे काय झाले, हे तपासले. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष नेमक्या किरणांच्या बाजूने होता. म्हणजे चिकाटी असेल तर योग्य प्रश्न आपल्याकडेही विचारता येतो.

तेव्हा निबंधांची संख्या मोजणे पुरे झाले. रुग्ण कोणी निवडले, तुलना कोणाशी केली, वगळलेल्यांचे काय झाले, हे प्रश्न विचारायला डॉक्टरच असावे लागते असे नाही. ते वाचकाचे प्रश्न आहेत. ‘क्वार्ट्झ’मधल्या रुग्णापाशी जेमतेम नऊ आठवडे होते आणि त्यांतले पाच दिवस किरणांच्या यंत्राखाली जात होते. ते दिवस कोणत्या पुराव्याच्या बळावर मागितले जातात, हे विचारण्याचा हक्क त्याला आणि त्याच्या घरच्यांना होता, आणि त्यांच्या वतीने तो बजावणे हे आपले, वाचणाऱ्यांचे आणि वाचायला शिकवणाऱ्यांचे, काम आहे.