विश्लेषण : रायफलच्या टोकावरचे वजन गुण वाढवते का? काय आहे ‘बॅरल ट्यूनर’?

कझाकस्तानमधील शिमकेंत येथे ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत ऐश्वर्य प्रताप सिंह तोमरने पुरुषांच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४६२.५ गुणांसह सुवर्णपदक पटकावले. रौप्यपदक विजेत्या चिनी नेमबाजाचे गुण होते ४६२. म्हणजे अंतिम फेरीत ४५ गोळ्या झाडल्यानंतर दोघांत फरक उरला अर्ध्या गुणाचा. सुवर्ण आणि रौप्य इतक्या थोडक्यात ठरत असेल, तर रायफलकडून आणखी एखादा मिलिमीटर मिळवण्याची धडपड होणारच. रायफलच्या नळीच्या टोकाला बसवला जाणारा ‘बॅरल ट्यूनर’ हा त्या धडपडीचाच भाग. मात्र तो खरेच काम करतो का, यावर नेमबाज आणि तंत्रज्ञ यांच्यात अनेक वर्षे वाद सुरू आहे.

अर्धा गुण म्हणजे किती मिलिमीटर?

५० मीटर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी असतो. त्यानंतरचे प्रत्येक वलय ८ मिमी रुंद. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजले जातात, त्यामुळे ०.१ गुण म्हणजे ०.८ मिमी. शिमकेंतमधील अर्ध्या गुणाचा फरक सर्व ४५ गोळ्या मिळून ४ मिमीचा भरतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. ४४ गोळ्यांची ती सरासरी १०.२६ होते. याचा अर्थ त्याची गोळी केंद्रापासून सरासरी साडेपाच मिमीवर लागत होती. तीही गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून अशा तिन्ही स्थितींत.

नेम अचूक असूनही गोळी वर-खाली का लागते?

या प्रकारात .२२ लाँग रायफल हे काडतूस वापरतात. १८८७ पासून चालत आलेले हे काडतूस ‘रिमफायर’ आहे, म्हणजे ठिणगी पाडणारे रसायन त्याच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते आणि रायफलची पिन त्या कडेवर आपटते. मोठ्या ‘सेंटरफायर’ काडतुसांत वापरलेली पुंगळी पुन्हा भरता येते. त्यामुळे त्या रायफली वापरणारा नेमबाज दारूचे वजन कमी-जास्त करून आपल्या नळीला मानवणारे काडतूस घरी तयार करू शकतो. रिमफायरमध्ये ती सोय नाही. कारखान्यातून आले ते काडतूस तसेच वापरायचे. काडतूस बदलता येत नसेल तर नळी बदला, या विचारातून ट्यूनरकडे वळणारे नेमबाज वाढले.

स्पर्धेतील काडतुसांचा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगापेक्षा कमी, सेकंदाला साधारण ३२५ मीटर ठेवलेला असतो. ५० मीटर जायला गोळीला ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे १२ सेंमी खाली येते. हे अंतर रायफलच्या साइटमध्ये आधीच जमेस धरलेले असते. अडचण येते ती एकाच पेटीतील दोन काडतुसांचा वेग तंतोतंत सारखा नसतो म्हणून. वेगात सेकंदाला ५ मीटरचा फरक पडला तर गोळ्यांच्या उंचीत पावणेचार मिमीचा फरक पडतो. १० मीटरचा पडला तर साडेसात मिमीचा, म्हणजे जवळपास पूर्ण एका वलयाचा. नेमबाजाने श्वास, हात, ट्रिगर सगळे सांभाळले तरी हा फरक राहतोच.

नळीचे कंपन उपयोगी कसे ठरते?

शाळेत बाकाच्या कडेवर फूटपट्टी दाबून धरायची आणि मोकळे टोक टिचकीने हलवायचे, हा खेळ अनेकांनी खेळला असेल. रायफलची नळीही अशीच एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला मोकळी असते. काडतूस पेटले की ती थरथरते आणि तिचे तोंड वर-खाली झुलते. ही हालचाल डोळ्यांना दिसत नाही. गोळी नळीतून बाहेर पडायला अडीच-तीन मिलिसेकंद घेते, तेवढ्यातच सगळे घडते.

समजा, गोळी बाहेर पडण्याच्या क्षणी नळीचे तोंड वर जात आहे. वेगवान गोळी थोडी लवकर बाहेर पडेल, तेव्हा तोंड किंचित खाली असेल. मंद गोळी थोडी उशिरा पडेल, तोवर तोंड किंचित वर गेलेले असेल. मंद गोळी वाटेत जास्त खाली येणार असते, पण ती निघतानाच वरच्या कोनात निघाली. कोनातील हा फरक बरोबर जुळला तर दोन्ही गोळ्या ५० मीटरवर एकाच उंचीवर लागतात. याला ‘पॉझिटिव्ह कॉम्पेन्सेशन’ म्हणतात. नळी उलट दिशेने, म्हणजे खाली झुलत असेल, तर वेगातील फरकाचा परिणाम आणखी वाढतो.

ही कल्पना नवी नाही. ए. मॅलॉक यांचा रायफलच्या नळीच्या कंपनांवरील निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १९०१ मध्येच प्रसिद्ध केला होता. भारतीय पोलिसांमुळे आपल्या ओळखीची झालेली ‘थ्री नॉट थ्री’, म्हणजे ली-एनफिल्ड रायफल, लांब पल्ल्यावर अनपेक्षितपणे चांगली ठरते, याचेही हेच स्पष्टीकरण दिले जाते. तिची रचना जास्त लवचीक आहे. जवळच्या अंतरावर तो दोष, आठशे-हजार यार्डांवर तोच गुण!

ट्यूनर नेमके काय करतो?

ट्यूनर म्हणजे नळीच्या टोकाला घट्ट बसणारी धातूची कडी आणि तिच्या आट्यांवर पुढे-मागे सरकणारे वजन. मायक्रोमीटरसारख्या त्यावर खुणा असतात. वजन पुढे सरकवले की नळीचे कंपन मंदावते आणि गोळी बाहेर पडते त्या क्षणी तोंड कुठे व कोणत्या दिशेला असेल, हे बदलते. एवढेच. बाकी जादू काही नाही. काडतुसांच्या वेगातील फरक तो कमी करत नाही, फक्त त्याचा लक्ष्यावरील परिणाम पुसण्याचा प्रयत्न करतो. वारा, नेमबाजाची थरथर, गोळीतील असमतोल यांवर त्याचा इलाज नाही. शिवाय जुळणी एका अंतरापुरती असते. १०० मीटरवर त्याच गोळ्यांना जवळपास दुप्पट कोनाचा फरक लागतो, त्यामुळे ५० मीटरवर बसवलेली खूण तिथे उपयोगी पडेलच असे नाही.

मग वाद कशावर?

पहिला वाद सिद्धांताचा. टेबलावरील आधारावर रायफल ठेवून खेळल्या जाणाऱ्या ‘बेंचरेस्ट’ प्रकारात रिमफायर रायफलला ट्यूनर सर्रास दिसतो. त्या जगातील नावाजलेले अमेरिकी कारागीर बिल कॅल्फी यांचे म्हणणे असे, की ट्यूनरने नळीचे तोंड स्थिर होते आणि म्हणून गोळ्या एकत्र लागतात. पण तोंड स्थिर असेल तर मंद गोळीला वरचा कोन मिळणार कसा? दोन्ही स्पष्टीकरणे एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. कॉम्पेन्सेशनच्या बाजूने किमान आकडेमोड तरी जुळते.

दुसरा वाद पुराव्याचा आहे, आणि तो जास्त गंभीर आहे. बहुतेक नेमबाज प्रत्येक खुणेवर पाच गोळ्या मारतात आणि ज्या खुणेवर सर्वांत लहान ‘ग्रुप’ येतो ती पक्की करतात. मात्र पाच गोळ्यांचा ग्रुप हा फार लहरी असतो. ट्यूनरला हात न लावता असे २० ग्रुप मारले, तरी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा ग्रुप यांत दुपटी-तिपटीचा फरक केवळ योगायोगाने पडू शकतो. म्हणजे ‘सापडलेली’ खूण ही अनेकदा लॉटरीतील नंबर असते. १० टक्क्यांची सुधारणा भरवशाने ओळखायची तर प्रत्येक खुणेवर असे साधारण ६० ग्रुप, म्हणजे ३०० गोळ्या लागतील. अशा २० खुणा तपासायच्या तर ६,००० गोळ्या, म्हणजे ५० च्या १२० पेट्या! बॅलिस्टिक्स तज्ज्ञ ब्रायन लिट्झ यांनी सेंटरफायर रायफलींवर केलेल्या चाचण्यांत ट्यूनरचा परिणाम सातत्याने पुन्हा दिसून आला नाही. तो निष्कर्ष रिमफायरला जसाच्या तसा लावता येत नाही, पण चाचणीची जुनी पद्धत तकलादू आहे, हे त्यातून दिसते.

योग्य चाचणी कशी?

ग्रुपचा आकार मोजण्याऐवजी प्रत्येक गोळीचा वेग क्रोनोग्राफवर आणि तिची लक्ष्यावरील उंची, अशी जोडी नोंदवायची. आलेखावर वेग आडवा, उंची उभी. ट्यूनर काही करत नसेल तर वेगात सेकंदाला एक मीटर वाढ झाल्यावर गोळी साधारण पाऊण मिमी वर लागली पाहिजे. जुळणी बरोबर असेल तर रेषा आडवी होते. रायफल आधारावर पक्की असेल तर एका खुणेसाठी ५० गोळ्यांची एक पेटीही पुरेशी ठरू शकते. अर्थात, आधारावरील नळी आणि खांद्याला लावलेली नळी सारखीच थरथरेल याची हमी नाही. थ्री पोझिशन्समध्ये तर रायफल तीन वेगळ्या प्रकारे धरली जाते, त्यामुळे शेवटची पडताळणी खांद्यावरच करावी लागते.

भारतीय नेमबाजाने आधी खर्च कशावर करावा?

उत्तर बहुतांशी काडतुसांच्या ‘लॉट’वर असेच आहे. सर्वोच्च स्पर्धांतील काडतुसे परदेशातून येतात. एकाच ब्रँडचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे वागतात. म्हणूनच जगभरातील नेमबाज आपली नळी घेऊन इंग्लंडमधील बर्मिंगहॅमला ‘एली’च्या किंवा जर्मनीतील शोनेबेकला ‘लापुआ’च्या चाचणी केंद्रात जातात आणि तिला मानवणारा लॉट निवडतात. वेगातील फरक मुळातच कमी असलेला लॉट मिळाला, तर ट्यूनरने पुसण्यासारखे फारसे उरत नाही. मर्यादित काडतुसे हाती असलेल्या जिल्हा पातळीवरील खेळाडूने ती ट्यूनरच्या खुणा शोधण्यात संपवणे हा तोट्याचा व्यवहार आहे. ज्याच्याकडे चांगला लॉट, क्रोनोग्राफ आणि सरावाला पुरेशा पेट्या आहेत, त्याच्यासाठी मात्र गोळीमागे मिळणारा एखादा दशांश खरा असू शकतो.

नियम काय सांगतात?

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार रायफलवर वायू वळवणारे कॉम्पेन्सेटर आणि मझल ब्रेक चालत नाहीत, तसेच नळीला किंवा तिच्या पुढील जोडनळीला छिद्रे पाडलेली चालत नाहीत. ट्यूनर वायूला हात लावत नाही, तो निव्वळ वजन असतो. पण ते वजनही हिशेबात धरावे लागते. पुरुषांच्या ५० मीटर रायफलला ८ किलोची मर्यादा आहे. टोकावर वाढलेल्या वजनाने रायफलचा तोलही पुढे सरकतो, आणि उभ्याने नेम धरताना तो प्रत्येकालाच मानवतो असे नाही.