‘भ्रूणहत्या’ हा शब्द फलकांवरून उतरवा

त्र्यंबकच्या कुशावर्तावर आलेल्या भाविकाला गौतम ऋषींची कथा सांगावी लागत नाही. शेतात शिरलेल्या गाईला त्यांनी दर्भाच्या काडीने हाकललं, ती कोसळली आणि ऋषींच्या माथी गोहत्या आली. गाय मायावी होती, मत्सरातून रचलेली. तरी ब्रह्मगिरीवर तप केलं ते गौतमांनीच. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ या शब्दाने बाईवर असाच आळ येतो.

शब्दाचे कैवारी म्हणतात, तो शास्त्रातला आहे, म्हणून त्याचा धाक वाटतो. मग शास्त्रच पाहू. वसिष्ठ धर्मसूत्रात ब्राह्मणाला मारणारा ‘भ्रूणहा’ ठरतो आणि ‘अविज्ञात’, म्हणजे मुलगा की मुलगी हे न कळलेला, गर्भ मारणाराही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात अशा गर्भाच्या हत्येला ब्रह्महत्येचंच प्रायश्चित्त आहे. कळलेलं नसेल तरच पातक एवढं मोठं का? पोटात मुलगा असू शकतो म्हणून! ज्या शब्दाने मुलाच्या शक्यतेला एवढं मोल दिलं, त्याच्यामागे ‘स्त्री’ जोडून मुलींचा कैवार कसा घेणार?

सौम्य शब्दाने गुन्हेगार मोकाट सुटतील, हा दुसरा आक्षेप. त्यामागची कळकळ खरी आहे. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली 894 होत्या. पण गुन्हा कुठे घडतो? सोनोग्राफीच्या खोलीत, डॉक्टर लिंग सांगतो तेव्हा. महाराष्ट्राने 1988मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला तो या निदानाविरुद्ध. 1994चा केंद्राचा कायदा तर, उलट सिद्ध होईपर्यंत, गर्भवतीला नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं असंच धरून चालतो.

गर्भपाताचा कायदा वेगळा, 1971चा. 2021च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मुदत 24 आठवड्यांपर्यंत गेली आणि 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही ती दिली. ‘हत्या’ म्हटलं की हा हक्क आणि तो गुन्हा एकाच पोत्यात जातात. कारवाईच्या धास्तीने कित्येक औषधविक्रेत्यांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. हरसूलकडच्या पाड्यावरून एसटीने नाशिक गाठणाऱ्या बाईने मग कुणाकडे जायचं? वैदूकडे?

‘गर्भलिंगनिवड’ म्हणा. त्यात निवडणारं घर दिसतं, सांगणारा डॉक्टर दिसतो. त्र्यंबकच्या एसटी स्थानकापासून प्रत्येक आरोग्य केंद्रापर्यंत फलकावर दोन ओळी हव्यात: गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे. कायद्यात बसणारा गर्भपात गुन्हा नाही. दुसरी ओळ पहिलीइतक्याच ठळक अक्षरांत.