चार गिगाबिटचे कोटेशन

‘चार पोर्ट जोडून ४ गिगाबिट’ असे कोटेशनमध्ये लिहिणे आता थांबवायला हवे. ग्राहक नॅसवर मोठी व्हिडिओ फाइल टाकतो, आकडा सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास अडकतो आणि आपला फोन वाजतो. केबल बदला, स्विच रीस्टार्ट करा, आकडा तोच. कारण बिघाड नसतोच. (त्याच्या पीसीला मुळात एकच गिगाबिट पोर्ट आहे, हेही त्याला कुणी सांगितलेले नसते.)

लिंक ॲग्रिगेशनमध्ये स्विच फ्रेममधल्या पत्त्यांवरून हॅश काढतो आणि एका संवादाच्या साऱ्या फ्रेम एकाच तारेवरून पाठवतो. हे मुद्दाम केलेले आहे, नाहीतर फ्रेम मागेपुढे पोहोचतील. २००० साली ८०२.३एडी म्हणून आलेले आणि २००८ पासून ८०२.१एएक्स या नावाने चालणारे हे मानक एका कॉपीचा वेग वाढवण्यासाठी नाहीच. पन्नास जण एकाच वेळी सर्व्हरवर असतात, तिथे त्याचे पैसे वसूल होतात.

तेही हॅश नीट निवडला तर. लिनक्स बाँडिंगमध्ये काही न बदलल्यास लेयर २ चा हॅश चालतो, म्हणजे मुख्यतः मॅक पत्ते पाहिले जातात. वापरणारे दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असले की सर्व्हरला समोर एकच मॅक दिसतो, गेटवेचा. मग जाणारा सगळा ट्रॅफिक एका पोर्टवर, बाकीचे तीन जवळपास रिकामे. ‘लेयर ३+४’ निवडा, आयपी आणि पोर्ट क्रमांक हिशेबात येतात. उलट दिशेची वाटणी मात्र स्विच ठरवतो. त्याचा हॅश वेगळा तपासावा लागतो आणि नेमका तोच राहून जातो.

घाईत एलएसीपीऐवजी (दोन्ही टोकांनी एकमेकांची खात्री करत राहण्याचा प्रोटोकॉल) नुसता ‘ऑन’ मोड लावून निघून येणाऱ्यांबद्दल थोडे कडक बोलतो. मध्ये मीडिया कन्व्हर्टर असेल तर पलीकडची फायबर तुटूनही आपला पोर्ट अनेकदा अप दिसतो आणि स्विच त्या मेलेल्या तारेत फ्रेम ओतत राहतो. एलएसीपी असेल तर शॉर्ट टाइमआउटवर ३ सेकंदांत, लाँगवर ९० सेकंदांत तो पोर्ट गटाबाहेर जातो. दोन ओळींच्या कमांडचा आळस कशाला?

एकाच यंत्राला वेग हवा असेल तर दोन्ही टोकांना १० गिगाबिट सुचवा. पोर्टच जोडायचे असतील, तर कोटेशनमध्ये एक ओळ घाला: एका कॉपीला एकाच पोर्टचा वेग मिळेल. ऑर्डर येण्याआधी.